अपूर्णांक वहीत येतात, पाऊण किलोचे पैसे येत नाहीत

पत्र: आम्ही जुळे सोलापूरला राहतो. मी घरीच कडक भाकरी आणि शेंगा चटणीच्या ऑर्डरी घेते. थोरली पाचवीत, सेमी इंग्रजीला आहे. वहीत १/२ + १/४ हे एलसीएम (लसावि) काढून बिनचूक सोडवते. पण परवा गिऱ्हाईक दारात असताना तिला विचारलं, "चटणी ४८० रुपये किलो, पाऊण किलोचे किती झाले?" तर नुसती बघत राहिली. धाकटा तिसरीत आहे. दुकानात पाठवला की परत दिलेले पैसे न मोजता मुठीत धरून येतो. घरात सगळे फोनवरूनच पैसे देतात, त्यामुळे नोटा-नाणी त्याच्या हाताला फारशी लागतच नाहीत. यांचं म्हणणं, प्रत्येक बरोबर गणिताला दहा रुपये द्यायचे, आपोआप शिकतील. सासूबाई म्हणतात, पावकी, म्हणजे पावाचा पाढा, पाठ करून घे. मला वाटतं सरळ शिकवणी लावावी. काय करू?
– एक आई, सोलापूर

ताई, नमस्कार.

शिकवणीचं तूर्त राहू द्या. घरात वजनकाटा आहे, तव्यावर रोज भाकरी आहे, किलोच्या भावानं माल विकला जातोय. अपूर्णांकांचं एवढं सामान कुठल्याच शिकवणीच्या वर्गात मिळणार नाही. आणि थोरली गणितात कच्ची आहे, असं पत्रावरून तरी वाटत नाही. त्या दिवशी ती एकदम तीन ठिकाणी अडकली. सेमी इंग्रजीत गणित इंग्रजीतून असतं, त्यामुळे 'थ्री फोर्थ' म्हटलं की कळतं, पण 'पाऊण' म्हणजे तेच, हे जुळत नाही. दुसरं, वहीतलं गणित दोन अपूर्णांकांच्या बेरजेचं आणि तुमचं गणित ४८० चा पाऊण हिस्सा काढायचं. शाळेत हे दोन वेगळे धडे असतात. तिसरं म्हणजे माणूस समोर ताटकळत उभा असला की भल्याभल्यांना हिशेब सुचत नाही.

यातलं नेमकं काय अडतंय ते आधी बघून घ्या. दोघी निवांत असाल तेव्हा कागद-पेन्सिल देऊन चार प्रश्न विचारा आणि उत्तरं नुसती टिपून ठेवा.

४८० रुपये किलो, तर अर्ध्या किलोचे किती, पाव किलोचे किती, पाऊण किलोचे किती?
१/६ मोठा की १/४? कशावरून?
अडीच, पावणेतीन, सव्वादोन हे लहानाकडून मोठ्याकडे मांड.
३ भाकऱ्या ४ माणसांत सारख्या वाटायच्या. प्रत्येकाला किती?

पहिल्यात अर्धा आणि पाव येऊन फक्त पाऊण अडला, तर काम सोपं आहे. दुसऱ्यात "चारपेक्षा सहा मोठा, म्हणून १/६ मोठा" असं म्हणाली, तर अजून ती अपूर्णांकाकडे दोन सुटे आकडे म्हणूनच बघतेय आणि तुम्हाला सुरुवात तिथूनच करावी लागेल. तिसऱ्यात पावणेतीन तीनच्या पलीकडे गेला, तर अडचण गणिताची नाही, मराठी मोजणीच्या सवयीची आहे. चौथ्यात "तीनला चारनं भाग जात नाही" असं उत्तर आलं तर दचकू नका, पुष्कळ मुलं तेच सांगतात.

पुढचं सगळं एका अटीवर चालतं. उत्तर बरोबर की चूक हे तुम्ही सांगायचं नाही, काट्यानं सांगायचं, नाण्यांनी सांगायचं, पट्टीनं सांगायचं. मूल उत्तर देताना आपल्या तोंडाकडे बघत असतं. आपली भुवई जरा वर गेली की लगेच उत्तर बदलतं, आणि त्यात डोकं कुठंच वापरलेलं नसतं. म्हणून प्रश्न निवडतानाच असा निवडायचा, की ज्याचं उत्तर तिला स्वतःच्या हातानं पडताळता येईल. रीत आधी सांगायची नाही. आधी प्रश्न, मग अंदाज, मग तिची खटपट, मग पडताळा. रीत सगळ्यात शेवटी, तीही शक्यतो तिच्याच तोंडून.

थोरलीसाठी चटणीपासूनच सुरू करा. अर्धा किलोची एक आणि पाव किलोची एक, अशा दोन पिशव्या तिलाच भरायला लावा. इथं पहिली चूक हमखास होते: डबा किंवा पिशवी काट्यावर ठेवून तिचं वजन मालात धरलं जातं. रिकामा डबा ठेवून काटा शून्यावर कसा आणायचा, ते तिला शोधू द्या. ते न करता भरलेल्या डब्याचं आणि रिकाम्या डब्याचं वजन करून वजाबाकी केली, तर तेही उत्तम. मग दोन्ही पिशव्या एकत्र ठेवण्याआधी विचारा, काट्यावर किती दिसेल? ७५० दिसल्यावर सांगा, याला पाऊण किलो म्हणायचं. १/२ + १/४ = ३/४ हे तिला वहीत येतच होतं, आता ते ग्रॅममध्ये दिसलं.

शाळेत एक चूक फार भेटते: वरच्या आकड्यांची बेरीज वर, खालच्यांची खाली, म्हणजे १/२ + १/४ = २/६. तिचं किंवा तिच्या मैत्रिणीचं असं झालं, तर खोडून देऊ नका. किलोचे सहा सारखे भाग करून त्यातले दोन घेतले तर किती ग्रॅम, एवढंच विचारा. साधारण ३३३ येतात. नुसती अर्ध्या किलोची पिशवीच ५०० ची आहे, तिच्यात आणखी घालून ३३३ कसे होतील? ही विसंगती एकदा स्वतःच्या लक्षात आली की ती चूक सहसा परत येत नाही. आपण लाल पेनानं दुरुस्त केलेली मात्र परीक्षेत पुन्हा हजर होते.

आता भाव. एका जाड कागदावर तिच्याच हातानं तक्ता करून घ्या आणि तो काट्याशेजारी चिकटवा. १ किलो ४८०. निम्मा केला की अर्धा किलो २४०. पुन्हा निम्मा, पाव किलो १२०. पुन्हा निम्मा, अदपाव म्हणजे १२५ ग्रॅम, ६०. बस, चारच ओळी. गुणाकाराची रीत सांगू नका. प्रश्न असा टाका: "या चार ओळींची बेरीज-वजाबाकी करून आणखी कुठल्या वजनाचे पैसे काढता येतील?" पाऊण किलो तिला दोन वाटांनी मिळेल. अर्धा अधिक पाव, २४० + १२० = ३६०. किंवा किलोतून पाव वजा, ४८० – १२० = ३६०. दोन्ही वाटांनी तेच आलं, की तुम्हाला "बरोबर" म्हणायची गरज उरत नाही. मग पुढे जाऊ द्या: सव्वा किलो ६००, दीड किलो ७२०, पावणेदोन ८४०, अडीच किलो १२००. ६२५ ग्रॅम म्हणजे अर्धा आणि अदपाव, ३०० रुपये. हे सापडलं की मुलं खूश होतात, कारण असलं वजन कुणी मागत नाही तरी आपल्याला त्याचे पैसे सांगता येतात.

१०० ग्रॅम मात्र या तक्त्यात सापडणार नाही. कितीही निम्मं केलं तरी १००० चे १०० होत नाहीत: ५००, २५०, १२५, मग साडेबासष्ट. तिथं दहावा भाग करावा लागतो, ४८ रुपये. ही ओळ तक्त्यात खाली वेगळ्या रंगात लिहा. मग ३५० ग्रॅम म्हणजे पाव किलो अधिक १०० ग्रॅम, १२० + ४८ = १६८.

भाव निवडताना पहिल्या आठवड्यात ८ नं भाग जाणारेच घ्या: ४८०, ३२०, २४०, १६०. पहिल्याच दिवशी ३५० घेतला तर पाव किलोचे साडेसत्त्याऐंशी रुपये येतात आणि मूल अपूर्णांक सोडून पैशांत गुंतून पडतं. ते गुंतणंही हवंच आहे, पण दुसऱ्या आठवड्यात. त्यानंतर प्रश्न उलटा फिरवा. "६० रुपयांची चटणी द्या" म्हटलं तर किती ग्रॅम तोलायची? ३० रुपयांची? १८० ची? १८० म्हणजे १२० अधिक ६०, म्हणून ३७५ ग्रॅम. सरळ प्रश्न पाठांतरावरही निभावतो, उलट्या प्रश्नात खरं काय समजलंय ते कळतं.

पाऊण, सव्वा, पावणे यांच्यासाठी कपडे वाळत घालायची दोरी वापरा. चार मीटर दोरी, दर मीटरला एक मोठा चिमटा, त्यावर ०, १, २, ३, ४ अशा चिठ्ठ्या. मधल्या प्रत्येक मीटरचे टेपनं २५-२५ सेंटिमीटरचे चार भाग करून तिथं लहान चिमटे. तुम्ही म्हणा "पावणेतीन", तिनं चिमटा पकडायचा. तीनच्या पुढचा पकडला, तर "आणि सव्वातीन कुठं?" एवढंच विचारा. दोन वेगळ्या नावांना एकच जागा मिळाली की ती आपली आपण अडखळते. साडेएक आणि साडेदोन असं काही नसतं, तिथं दीड आणि अडीच. त्याला कारण सांगत बसू नका, सवयीनंच येतं. दोरीवर जमलं की तेच शंभरांत: सव्वाशे १२५, दीडशे १५०, पावणेदोनशे १७५, अडीचशे २५०. घड्याळातले पावणेसहा तर रोजचेच आहेत.

सासूबाईंचं अर्धं बरोबर आहे. पावकी ही काही नुसती घोकंपट्टी नव्हे. तीन पावांचा पाऊण, पाच पावांचा सव्वा, सहांचा दीड, सातांचा पावणेदोन. ५/४, ६/४, ७/४ यांनाच शाळेत अंशाधिक अपूर्णांक म्हणतात आणि मुलांना तेच सगळ्यात जड जातात. पण क्रम महत्त्वाचा. दोरीच्या आधी पाठ केली तर ती कविता होते. दोरीवर पावापावानं चिमटे सरकवत म्हटली, तर प्रत्येक शब्दाला जागा मिळते. हे काम सासूबाईंकडेच द्या. सोबत आण्यांचा हिशेबही त्यांनाच विचारायला लावा. १ एप्रिल १९५७ पासून रुपयाचे १०० पैसे झाले, त्याआधी रुपयाचे १६ आणे असत. चार आणे म्हणजे पाव रुपया, बारा आणे म्हणजे पाऊण. १६ चारदा निम्मे होतात: ८, ४, २, १. शंभराचे दोनदा निम्मे केले की २५, आणि तिसऱ्यांदा साडेबारा. जुनी माणसं पाव-निमक्यात एवढी तरबेज का, याचं उत्तर थोरलीला यात सापडतं का बघा.

आता भाकरी. कडक भाकरी मोडली की वेडेवाकडे तुकडे होतात आणि आपल्याला तेच हवंय. एक भाकरी मोडून चार तुकडे करा आणि एक उचलून विचारा, "हा पाव भाकरी आहे का?" पुष्कळ मुलं हो म्हणतात, कारण तुकडे चार आहेत. मग अख्खी भाकरी किती ग्रॅमची होती आणि हा तुकडा किती ग्रॅमचा, ते काट्यावर बघू द्या. समजा भाकरी ६० ग्रॅमची असेल, तर पाव म्हणजे १५ ग्रॅम. तुकडे चार असून भागत नाही, सारखे असावे लागतात. पुस्तकात सारखे भाग छापूनच येतात, म्हणून हा मुद्दा कुणाला बोचत नाही. दुसरं, लहान आणि मोठ्या भाकरीची अर्धी-अर्धी शेजारी ठेवा. दोन्ही अर्ध्याच, पण सारख्या नाहीत. कशाचा अर्धा, हे विचारायची सवय इथंच लागते.

वाटणीची गणितं मऊ भाकरीवर किंवा कागदावर घ्या, पण या क्रमानं: आधी ५ भाकऱ्या २ जणांत (अडीच), मग ५ भाकऱ्या ४ जणांत (सव्वा), मग ३ भाकऱ्या ४ जणांत, मग ४ भाकऱ्या ३ जणांत, शेवटी २ भाकऱ्या ३ जणांत. तीन भाकऱ्या चौघांत वाटताना काही मुलं प्रत्येक भाकरीचे चार तुकडे करून तीन-तीन देतात. काही आधी दोन भाकऱ्यांचे अर्धे-अर्धे देतात आणि उरलेलीचे चार करतात. दोन्ही वाटण्या कागदावर काढून ठेवा आणि कुणाला जास्त मिळालं ते विचारा. तीन जणांची वाटणी सगळ्यात अवघड, कारण निम्मं-निम्मं करून तिसरा हिस्सा निघत नाही. मूल एका भाकरीचे चार तुकडे करतं, तीन वाटतं, उरलेल्याचे पुन्हा चार, पुन्हा तीन वाटतं. हसू नका, विचार पक्का आहे. ते करत राहिलं तर प्रत्येकाचा वाटा तिसऱ्या हिश्शाच्याच जवळजवळ सरकत जातो.

अपूर्णांक शिकवायला गोल हा खरं तर वाईट आकार आहे. त्याचे तीन किंवा सहा सारखे भाग हातानं करणं मोठ्यांनाही जमत नाही, मूल दोन उभ्या रेघा मारून मोकळं होतं आणि मधला तुकडा फुगतो. त्यापेक्षा जाड कागदाच्या २४ सेंटिमीटर लांब पट्ट्या कापा. २४ अशासाठी, की अर्धा १२, तिसरा हिस्सा ८, पाव ६, सहावा ४, आठवा ३, सगळे पूर्ण सेंटिमीटरात येतात. १/६ आणि १/४ शेजारी ठेवले की मघाचा दुसरा प्रश्न मिटला. १/२ + १/३ साठी १२ आणि ८ सेंटिमीटरच्या पट्ट्या जोडायच्या: २० सेंटिमीटर, म्हणजे २४ पैकी २०, म्हणजे ५/६. हेच डझनभर केळ्यांवर करा. डझनाचे अर्धे ६, तिसरा हिस्सा ४, मिळून १२ पैकी १०. एलसीएम काढतात तो एवढ्यासाठीच, दोघांनाही पूर्ण मोजता येईल असं एक माप शोधायला. हे तिला सांगू नका. अर्धा आणि तिसरा हिस्सा दोन्ही मोजता येतील अशी सगळ्यात लहान पट्टी किती सेंटिमीटरची, हे विचारा. ६ सेंटिमीटर म्हणाली की एलसीएम तिचा झाला.

धाकट्याकडे वळू. त्याला आधी नाणी हाताळायला हवीत. एका डब्यात खरी नाणी-नोटा ठेवा: १ रुपयाची २० नाणी, २ ची १०, ५ ची ६, दहाची ५, विसाच्या २ नोटा, पन्नासाच्या २, शंभराची १. एकूण ३६० रुपये. डबा उघडताना आणि बंद करताना त्यानंच मोजायचा. खोटे छापील पैसे आणू नका. त्यांना वजन नसतं, ते हरवले तर कुणाला काही वाटत नाही.

तिसरीच्या मुलाची नेहमीची चूक म्हणजे नाण्यांची किंमत न मोजता नाणी मोजणं: एक रुपयाची चार नाणी पाचच्या एका नाण्यापेक्षा जास्त वाटतात. यावर एक चांगलं कोडं आहे. १, २ आणि ५ च्या नाण्यांनी १० रुपये किती वेगवेगळ्या प्रकारांनी देता येतील? पहिल्या दिवशी तो चार-पाच प्रकार करील, त्यात एखादा दोनदा येईल, कारण ५, २, २, १ आणि २, ५, १, २ हे त्याला वेगळे दिसतात. दुसऱ्या दिवशी कागदावर तीन रकाने आखून द्या: पाच, दोन, एक. आता क्रम लागतो. पाचची दोन नाणी घेतली तर एकच प्रकार. पाचचं एक घेतलं तर उरलेल्या ५ साठी दोनची ०, १ किंवा २ नाणी, म्हणजे तीन प्रकार. पाचचं एकही नाही तर दोनची ० ते ५ नाणी, सहा प्रकार. एकूण १०. उत्तर तुम्हाला माहीत आहे हे त्याला कळू देऊ नका आणि "अजून आहेत का?" एवढंच विचारत राहा. सगळे संपले हे त्याला कशावरून कळलं, ते त्यानं सांगितलं की कोडं सुटलं. नंतर २० रुपये देऊ नका, प्रकार फार होतात. ७ आणि ८ रुपये द्या.

परत येणारे पैसे वजाबाकीनं काढायला लावू नका. १०० – ३७ मांडलं की दोन शून्यं येतात, हातचा दोनदा घ्यावा लागतो, आणि पुष्कळ मुलांचं उत्तर ७३ येतं: दशकातून हातचा घेतला, पण तिथं एक कमी करायचा राहिला. दुकानदाराची रीत जास्त भक्कम आहे, ती म्हणजे पुढं मोजत जाणं. ३७ ला ३ दिले की ४०, १० दिले की ५०, ५० दिले की १००. हातात ६३. घरी दुकान मांडा आणि दुकानदार त्यालाच करा, कारण गिऱ्हाइकाला फक्त पैसे घ्यायचे असतात, दुकानदाराला मोजून द्यावे लागतात. नीट जमलं की थोरलीला एक प्रश्न टाका: बिल ६२ रुपये झालं, एका बाईंनी १०० ची नोट आणि वर १२ रुपये दिले. वेड्या आहेत का? पन्नासाची एकच नोट परत मिळावी म्हणून, हे तिनं शोधलं पाहिजे. धाकट्याला उत्तर न सांगण्याची तंबी थोरलीला आधीच द्या. घरोघरी थोरल्या भावंडांमुळे धाकटी मुलं विचार करायचं सोडून देतात.

मग दोघांना लक्ष्मी मार्केटला घेऊन जा, गर्दी नसेल अशी वेळ धरून. थोरलीकडे १०० ची एक नोट आणि तीन भाज्यांची यादी. पैसे ती देणार, परत आलेले धाकटा तिथंच मोजणार. भाजी घेण्याआधी अंदाज: पुरतील का? तिथं एक प्रश्न फुकट मिळतो. समजा वांगी पाव किलो २०, अर्धा ३५ आणि किलो ६०. पावाच्या भावानं किलोचे ८० व्हायला हवेत. मुलगी म्हणेल भाजीवाल्या मावशींचा हिशेब चुकला. चुकलेला नाही. जास्त माल एकदम खपावा म्हणून त्या भाव कमी करतात. पण दोन दिवसांत पाव किलोच लागणार असेल, तर किलो घेऊन २० वाचले की ४० जास्त गेले? पुस्तकात भाव नेहमी सरळ पटीत असतो, बाजारात नसतो, हे पाचवीत कळलेलं बरं.

फोनवरून पैसे देणं बंद करायची गरज नाही. आठवड्यातल्या दोन खरेद्या मुलांच्या हातून रोखीनं करा. बाकी फोनवरचं पेमेंट झालं की रक्कम थोरलीला वहीत लिहायला सांगा, रुपये आणि पैसे दोन्ही. इथं दशांशाची मोठी चूक सापडते: ७ रुपये ५ पैसे ती ७.५ लिहील. ७.५ म्हणजे ७ रुपये ५० पैसे, आणि ५ पैसे लिहायचे तर ७.०५. २५ पैसे आणि त्याखालची नाणी ३० जून २०११ पासून चलनातून गेली, ५० पैशांचं नाणं कायद्यानं चालतं पण कुणाच्या खिशात नसतं, त्यामुळे ही चूक नाण्यांवर दाखवता येत नाही. दहा बाय दहाच्या चौकटीचा कागद घ्या, शंभर घरं म्हणजे रुपया. ५० घरं आणि ५ घरं रंगवून शेजारी ठेवा. त्याच कागदावर १०० रुपये तिघांत वाटायला सांगा. ३३ रुपये ३३ पैसे प्रत्येकी, बेरीज ९९.९९. उरलेल्या एका पैशाचं काय करायचं, यावर तिला हवं तेवढं भांडू द्या.

बरोबर गणिताला दहा रुपये देऊ नका. मुलं सोपी गणितं शोधायला लागतात, अवघडाला हात लावत नाहीत, आणि उत्तर आलं की विचार थांबवतात, कारण पैसे उत्तराचे आहेत. खाऊचे पैसे वेगळे द्या, गणिताशी न जोडता. ठरावीक वारी ठरावीक रक्कम, मधे संपली तर भर नाही. जानेवारीत होम मैदानावर सिद्धेश्वर यात्रेचा गड्डा भरतो, तेव्हा दोघांना २००-२०० देऊन आधी कागदावर आखणी करून घ्या: अर्धे पाळण्यांना, पाव खाण्याला, उरलेला हिस्सा किती आणि त्याचं काय करणार. घरी आल्यावर प्रत्यक्ष खर्च शेजारी लिहायचा.

थोरलीसाठी एक मोठं गणित तुमच्याच स्वयंपाकघरात आहे. चटणीच्या एका घाण्याचा खर्च तिला काढू द्या. भाव त्या दिवशीचे घ्या. समजा शेंगदाणे २ किलो, १४० नं २८०. लसूण पाव किलो, २०० रुपये किलोनं ५०. तिखट अदपाव, ४०० नं ५०. जिरं-मीठ २०. एकूण ४००. शेंगदाणे भाजून, सालं पाखडून, लसूण सोलून वजन घटतं. तयार चटणी २ किलो भरली असं धरू. किलोला खर्च २००, विक्री ४८०, मग ती उड्या मारेल की किलोमागे २८० नफा. गॅस कुठं लिहिला? पाकिटं? आणि कांडायला बसलेल्या आईची मजुरी? हे तीन प्रश्न एकदम विचारू नका, एकेक दिवस सोडून विचारा.

वेळ रोज पंधरा मिनिटं, एकच प्रश्न. तो सुटला नाही तर उद्यावर ठेवा, उत्तर सांगून टाकू नका. अडली तर तीनच प्रकारची मदत: आकडे लहान कर, चित्र काढ, वस्तू मांडून बघ. आणि उत्तर बरोबर आलं तरी "कसं काढलंस?" हे विचाराच. फक्त चुकल्यावर विचारलं तर मुलं तो प्रश्न ऐकूनच उत्तर बदलतात. 'एकूण' दिसलं की बेरीज, 'उरले' दिसलं की वजाबाकी, असली युक्ती शाळेतून किंवा गाईडमधून आली असेल तर एक गणित घाला: रमानं ८ रुपये खर्च केले, तिच्याकडे १२ उरले, आधी किती होते? युक्तीवाली मुलं ४ म्हणतात. नाणी मांडून खर्च करून दाखव, एवढंच सांगा.

सहा-सात आठवड्यांनी सुरुवातीचे चार प्रश्न आकडे बदलून पुन्हा विचारा: ३६० रुपये किलोचे पाऊण किलो, १/८ आणि १/५, साडेतीन-पावणेचार-सव्वातीन, आणि ५ भाकऱ्या ६ जणांत. पहिल्या तिन्हींची कारणं नीट सांगता आली तर शिकवणीचे पैसे वाचले. शेवटच्यात अजून चाचपडत असेल तर काळजी नको, सहांची वाटणी पाचवीत उशिरानंच बसते. धाकट्याचं मात्र वेगळं लक्षात ठेवा. एवढं करूनही त्याला शंभराच्या आतल्या दोन संख्यांत मोठी कुठली ते सांगता येत नसेल, किंवा दहा-बारा नाणी मोजताना दर वेळी वेगळा आकडा येत असेल, तर शिकवणीचा उपयोग नाही. आधी वर्गशिक्षकांशी बोला आणि डिस्कॅल्क्युलियाची, म्हणजे आकडे समजण्यातल्या मूळच्या अडचणीची, तपासणी करून घ्या.